झिऱ्यातला मासा

एकोणीसशे साठच्या आसपास लग्न होऊन मी मारेगावकडच्या एका खेड्यात आले. मॅट्रिक झालेली सून म्हणून माझा बोलबाला होता. प्रत्यक्षात चारचौघींत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

उन्हाळ्यात नाल्याचे पाणी वाळूखाली जाई. मग बायका वाळूत हातभर खोल झिरा उकरीत, आणि त्यात पाणी साठले की उरल्यासुरल्या डबक्यातला एक बारीक मासा आणून सोडीत. करंगळीएवढा, ठिपकेदार, वाळूच्याच रंगाचा. तोंडाशी मिशांचे केस. चाहूल लागताच तो डोके खुपसून वाळूत शिरे. त्याचे हे लपणे मला फार जवळचे वाटे. मासा फिरताना दिसल्यावाचून घागर बुडवायची नाही, असा तिथला रिवाज होता.

त्या वर्षी शेजारच्या गावात पटकीची साथ आली, आणि झिऱ्यात टाकायला जंतू मारायचे सरकारी लाल औषध आले. थोरल्या जाऊबाईंनी पदर खोचला. "मासोई मरन त्यानं. मंग ते पानी आपुन कायले प्याव? डोहावर जाऊ."

डोहात गुरे बसत. तेच पाणी घरातल्या लेकरांच्या पोटात जाणार, हे मला दिसत होते. बोलण्याचे धैर्य मात्र होत नव्हते.

"मासा आधी काढून ठेवू," अखेर मी म्हणाले, तेही इतके हळू, की सासूबाईंनी "काय व?" म्हणत कान पुढे केला. "रंग उतरला की परत सोडू. जगला तर प्यायचं."

"पहा व माय, मॅट्रिकवालीनं तोंड उघडलं!" जाऊबाई हसल्या. पण मासा लोट्यात धरला तो त्यांनीच.

औषध पडले, झिरा लालजांभळा झाला आणि उन्हे कलता कलता नितळला. मासा सोडला, तो सरळ वाळूत गडप झाला. आम्ही वाट पाहिली. काहीच हालेना.

"गेला बिचारा," कोणीतरी म्हटले. रिकाम्या घागरी डोहाकडे वळू लागल्या.

मी गुडघ्यांवर बसले आणि बोटाने तळची वाळू ढवळू लागले. पुष्कळ वेळाने बोटाला काहीतरी गुळगुळीत लागले, आणि मासा उसळून झिराभर फिरला.

"हाय व, जित्ता हाय!" सासूबाई ओरडल्या. "भर, पयली घागर तुई."

मी वाकून भरून घेतली. घागर डोक्यावर चढवायला जाऊबाईंनी हात लावला.