हळद लागलेला नवरदेव

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. नखं हळदीनं पिवळी झालेली, उद्या लग्न. हळद लागल्यावर नवरदेवाला घराबाहेर सोडत नाहीत, बाधा होते म्हणतात. हा आमच्या गल्लीत आला.

मी निरोध पुढे केला तर हसला. "अगं, नवरदेव आहे मी. मला कसला रोग? तू तुझं बघ."

माझं मी बघतेच. दर तीन महिन्यांनी तपासणीच्या ताई येतात, मी हात पुढे करून रक्त देते. सगळी गल्ली देते. याचं रक्त कुणी मागितलं? पत्रिका पाहिली असेल, गुण जुळवले असतील. पुढे ती पोरगी आजारी पडली की म्हणतील, त्या बायांनी रोग दिला. आम्ही काय रोग माहेरून आणला होता?

एरवी माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आज म्हणाले, "चालता हो."

"लई शहाणी झालीस गं!" मालकीण ओरडली आणि तिनं त्याला शेजारच्या खोलीत, नवीन आलेल्या सुमनकडे पाठवलं. आतून कडी लागली. मी दोन खोल्यांमधल्या फळीवर मुठी आपटत राहिले, "सुमन, नाही म्हण. नाही म्हण गं."