राजीखुशीची गाडी

आधी कुणाची तरी होऊन गेलेली एकही वस्तू माझ्या बायकोच्या मामांनी आजवर सरळपणे घरात येऊ दिलेली नाही, आणि त्यात मीही आलो, कारण लग्नापूर्वी मी माझ्या आईवडिलांचा होतो. मामा महसूल खात्यात गिरदावर होते. गावोगाव फिरून शेतं, पिकं आणि हद्दी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या आणि मगच कागदावर शेरा मारायचा, ही त्यांची नोकरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण 'मौक्यावर', म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, जाऊन पाहायची सवय काही सुटलेली नाही. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी माझी पत्रिका आणि पगाराचा कागद बाजूला सारून थेट आमचं गाव गाठलं. माझी दाढी करणाऱ्याला भेटले, शेजाऱ्यांना भेटले, ज्याच्याशी मी कधीकाळी भांडलो होतो त्या किराणा दुकानदारालाही भेटले आणि परत येऊन बायकोच्या आईला सांगितलं, "पोरगा साजरा हाये. सकाळी उठत नाई, बाकी कोनाचं काई घेतलं नाई त्यानं." माझ्याबद्दल इतकं नेमकं त्यानंतर कुणीही बोललेलं नाही.

आमच्या आदिलाबादच्या बाजारात वांगी घ्यायला गेले तरी भाजीवाल्या बाईला तेलुगूत "एवरि चेनु?" म्हणजे कुणाच्या शेतातली, असं विचारल्याशिवाय मामा पिशवी उघडत नाहीत. ती बाई आता त्यांना लांबून येताना पाहिलं की आपणहूनच शेतकऱ्याचं नाव सांगून मोकळी होते. एकदा बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याचं लोखंडी कपाट मामींना पसंत पडलं. मामांनी त्या अधिकाऱ्याच्या बायकोला समोर बसवून विचारलं, की हे तुम्ही मनापासून देताय का. बाई भाबडी होती, म्हणाली, खरं सांगायचं तर माहेरहून आलेलं आहे. झालं. कपाट घेणं राहिलं बाजूला, ते तिच्या नव्या गावी पोचवायला लॉरी ठरवण्यात मामांचे दोन दिवस गेले आणि मामी अजून साड्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात. मामांचं म्हणणं असं, की दस्तात 'राजीखुशीने लिहून देतो' असं लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नसतं. देणारा राजी आहे का आणि त्याची खुशी आहे का, या दोन वेगळ्या चौकशा आहेत, आणि लोक पहिली करून घरी जातात.

अशा माणसाला बरोबर घेऊन जुनी गाडी घ्यायला जाणं म्हणजे काय हे मला माहीत होतं, तरी मी गेलो, कारण इलाज नव्हता. माझी बायको सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. तिची बदली उटनूरला झाली होती आणि महिन्याच्या शेवटी हजर व्हायचं होतं. बसच्या वेळा आणि दवाखान्याच्या वेळा यांचं जन्मात जुळणारं नव्हतं. गाडी असती तर ती रोज जाऊन येऊन करू शकली असती. नसती, तर तिला तिथे खोली घेऊन राहावं लागणार होतं, आणि आमची सहा वर्षांची मुलगी तेव्हापासूनच रोज जेवताना विचारत होती, की आई मला तिकडे नेणार की इथे ठेवणार. नवी गाडी परवडणारी नव्हती. तेवढ्यात कुणीतरी भैंशाचा एक माणूस सुचवला. त्याच्याकडे जुन्या गाड्या स्वस्तात मिळतात आणि तो कागदपत्रांचा फार त्रास देत नाही, असं सांगणाऱ्याचं म्हणणं होतं. मला हे वर्णन आवडलं. मामांनी ते ऐकून धोतर बदललं आणि चप्पल पायात घातली.

मामा, बायको आणि मी बसने भैंशाला गेलो. तिथे कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीलगत, लिंबाच्या सावलीत चार-पाच गाड्या उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या काचांवर कापसाची लव बसलेली होती. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. होता तो एक हसतमुख, गोड बोलणारा माणूस आणि त्याचा सतत वाजणारा फोन. पांढऱ्या रंगाची एक लहान गाडी त्याने पुसून दाखवली. माझ्या बायकोला ती पाहताक्षणी आवडली, मला किमतीमुळे आवडली. मामांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी त्या माणसाला विचारलं, "तुमची सनद कुटं हाये?"

त्याला आधी काही समजलं नाही. जुन्या गाड्यांचा धंदा करायचा तर परिवहन खात्याकडे नोंद करून परवानगी घ्यावी लागते, हे मामांनी त्याला शांतपणे समजावलं. तो म्हणाला, काका, इथं तर कोनाकडंच नाई. मामा म्हणाले, बरं, मग तुम्ही विकणारे नाही, मधले आहात. मधला असणं हा काही गुन्हा नाही, पण मग पैसे तुमच्या हातात द्यायचे नाहीत आणि सही तुमच्याकडची घ्यायची नाही. तो माणूस इतका भला, की त्याने हे सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

त्यानंतर मामा पांढऱ्या धोतरानिशी गाडीखाली शिरले. वास्तविक चेसिसचा नंबर इंजिनाच्या बाजूला उभ्या उभ्या दिसतो, पण खालून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होईना. आतून ते एकेक आकडा मोठ्याने म्हणत आणि मी बाहेर गाडीचं आरसी बुक धरून "आहे" म्हणत असे. कापूस उतरवणारे हमाल काम थांबवून भोवती जमले आणि प्रत्येक आकड्याला तेही माझ्याबरोबर "आहे" म्हणू लागले. मग माझ्या फोनवर दंडाची चलनं पाहून झाली, विमा पाहून झाला, कर्जाची नोंद मिटल्याचं बँकेचं पत्र पाहून झालं. भैंशातल्याच, मामांच्या ओळखीच्या एका मिस्तरीने गाडी गावाबाहेर पळवून आणली आणि मामांच्या कानात काहीतरी सांगितलं. मामांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात त्या माणसाने एका प्लास्टिकच्या पिशवीतून विक्रीचे फॉर्म काढले. खाली मालकाची सही होती, वर घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. असंच असतं, म्हणाला, तुम्ही नाव टाकून घ्या. मामांनी ते कागद दोन बोटांत असे धरले, की जणू त्यांना वास येत होता. हा मालक कुठे आहे, हे त्यांनी विचारलं. मालक जवळच्याच खेड्यात, शंकरराव नाव, कापूस-ज्वारीची चांगली शेती. पण त्यांच्याकडे जायची काही गरज नाही, हैदराबादेत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानेच गाडी विकायला आणून ठेवली आहे. "गरज नाई असं जिथं मानूस म्हनते," मामा मला म्हणाले, "तिथंच मौका असते, जवाईबापू." आणि ते त्याच पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. मधल्याने सुस्कारा टाकून गाडी सुरू केली.

गावात शिरल्यावरही मामा सरळ शंकररावांकडे जातील तर ते गिरदावर कसले. शेताची चतुःसीमा लिहितात, पूर्वेला अमका, पश्चिमेला तमका, तशी त्यांनी मालकाची चतुःसीमा काढायला घेतली. आम्हाला गाडीत बसवून ते चारही दिशांच्या शेजाऱ्यांकडे एकटेच जाऊन आले. पूर्वेच्या घरी कळलं, की शंकररावांची नजर फार कमी झाली आहे. पश्चिमेला कळलं, की मागच्या हंगामात त्यांनी गाडी रस्ता समजून उभ्या ज्वारीत घातली आणि पार मधल्या मचाणापर्यंत नेली. उत्तरेच्या बाईने सांगितलं, की ती ज्वारी तिचीच होती. दक्षिणेला कुणी घरी नव्हतं. मामांना याची फार रुखरुख लागली आणि पुढे आठवडाभर ते म्हणत होते, की दक्षिणेचा जबाब राहिला.

मग गाडी शंकररावांच्या दाराशी वळली. ओसरीत बाजेवर पडलेला एक उंच म्हातारा इंजिनाचा आवाज ऐकून उठून बसला, भिंत चाचपत पायरीपर्यंत आला आणि त्याचा चेहरा उजळला. "आली का सर्विसिंगहून?" तो म्हणाला. "लय दिवस लावले."

मधला आपल्या चपलांकडे पाहू लागला. त्याच्याकडूनच मग कळलं, की मुलाने बापाला असं सांगून गाडी नेली होती, आणि फॉर्मवर सह्याही सर्व्हिसिंगचे कागद म्हणूनच घेतल्या होत्या. खरं सांगतो, मला त्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं, आणि गाडी घेऊनच निघून जावंसं वाटलं. सही खरी होती, कागद खरे होते, महिना संपत आला होता. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी शंकररावांना परत बाजेवर बसवलं होतं आणि शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला होता.

"शंकरराव, मी तुमाले खोटं सांगत नाई," मामा म्हणाले. "गाडी सर्विसिंगहून नाई आली. ते इकाले काढली तुमच्या पोरानं, आन मी घ्याले आलो. तुमी नाई म्हनाल तं ते इथंच ठिवून आमी मोटारीनं जातो."

मोटार म्हणजे सरकारी बस. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. मग मामांनी मधल्याकडून नंबर घेऊन शंकररावांच्या मुलाला फोन लावला. मुलगा आधी चिडला, मग रडवेला झाला. बाप ऐकत नाही, किल्ली लपवली तर दुसरी करून आणतो, एक दिवस कुणाच्या तरी लेकराच्या अंगावर घालेल, मी इतक्या लांबून काय करू, असं तो म्हणत होता आणि फोनचा आवाज मोठा असल्यामुळे बाप ते ऐकत होता. मामांनी त्याला एवढंच सांगितलं, की तुझं चुकलं नाही, पण विचारायचं राहिलं.

"मले इचारलं असतं तं मी नाईच म्हनलं असतं," शंकरराव फोन बंद झाल्यावर म्हणाले. "म्हनून नाई इचारलं त्यानं. मी बी त्याच्या जागी नसतं इचारलं." मग त्यांनी मान वळवली. "चालवनार कोन हाये?"

बायको पुढे झाली. तिने नोकरीचं सांगितलं, उटनूरचं सांगितलं, मुलीचंही सांगून टाकलं. शंकरराव म्हणाले, "चाल मंग, मले शेतापर्यंत ने. पाहू दे कशी चालवतं ते." आणि आम्हा तिघांना ओसरीत बसवून ते दोघं निघून गेले. बायकोला लायसन्स मिळून फार दिवस झाले नव्हते, हे मामांना आणि मला चांगलंच ठाऊक होतं. चहा आला, निवला. मधला मला धीर देत होता आणि मी त्याला. मामा ओसरीत येरझारा घालत राहिले आणि गाडीचा आवाज ऐकू आल्यावरच बसले. बायको हसत उतरली. तिच्या ओंजळीत ज्वारीची कणसं होती. शंकररावांनी तिला सांगितलं होतं, की दुसरा गिअर थंडीत रुसतो, त्याला घाई करायची नाही, आणि उताराला ही गाडी जरा उतावीळ होते. वाटेत शेजारणीच्या बांधाशी थांबून त्यांनी तिची माफीही मागितली होती, पण ती तिथे नव्हती म्हणून बांधाचीच मागितली.

"लिवा आता," ते मामांना म्हणाले.

मामांनी जुने कागद फाडून नवे फॉर्म भरले, कारण कोरे दोन संच त्यांनी घरूनच आणले होते. तारीख, ताबा दिल्याची वेळ, सगळं शंकररावांना वाचून दाखवलं. पैसे शंकररावांच्या खात्यात गेले. मधल्याचा मेहनताना वेगळा दिला आणि त्याची रीतसर पावती घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच पावतीवर सही केल्यामुळे तो इतका हरखला, की तिचा त्याने फोटो काढून घेतला. हल्ली तो परवान्यासाठी अर्ज करतो आहे, असं ऐकतो. नाव बदलून आरसी आमच्या हाती येईपर्यंत मामा परिवहन कार्यालयात इतक्या वेळा गेले, की तिथला शिपाई त्यांना आता सणाला फोन करतो.

आणि बायको रोज उटनूरला जाऊन येऊ लागली. जंगलातून रस्ता, घाट, कधी माकडं आडवी, पण मुलगी जेवायला बसते तेव्हा आई घरात असते. दिवेलागणीला शंकररावांचा फोन येई. नमस्कार वगैरे काही नाही. "पोचली का पोरगी?" पोचली म्हटलं की फोन बंद. कधी कधी ते तिला फोन द्यायला सांगत आणि दुसऱ्या गिअरची चौकशी करत. मामा महिन्यातून एकदा काही ना काही निमित्त काढून आम्हाला भैंशाकडे, शंकररावांच्या गावी, गाडी न्यायला लावत. तिथे ते दोघं गाडीच्या मागच्या सीटवर दारं उघडी टाकून बसत आणि माझी बायको कशी चालवते याबद्दल तिच्यासमोरच बोलत. मामा इतके मोकळे हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

यंदा संक्रांतीनंतर शंकरराव गेले. आम्ही सगळे गाडीनेच गेलो होतो. मुलाने मामांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. परत आल्यावर चार-पाच दिवस दिवेलागणीला घर उगाच शांत वाटायचं. बायको आल्यावर टेबलावरच्या फोनकडे एकदा पाहायची आणि स्वयंपाकघरात जायची.

मग एका संध्याकाळी, नेमक्या त्याच वेळेला फोन वाजला. मामांचा होता. मामांचं घर आमच्या घराच्या समोरच आहे. त्यांच्या गच्चीवरून आमचं फाटक दिसतं आणि फाटकातली पांढरी गाडीही दिसते. मी खिडकीतून पाहिलं, तर ते गच्चीवरच उभे होते, फोन कानाला लावून, आमच्याकडेच पाहत.

"पोचली का पोरगी?" त्यांनी विचारलं.

"पोचली, मामा," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि फोन बंद केला. तेव्हापासून रोज करतात.