वडनेरचं एक तिकीट

संवाद न बोलता नुसत्या अंगानं करायचं नाटक, हा माझा विषय. कॉलेजात तेच शिकवायची आणि पीएच.डी.ही त्यातच करत होते. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांना यातलं काही पटत नसे. "उभं कसं राहाचं हे शिकवाले पगार भेटते म्हंते," असं चारचौघांत सांगायचे, आणि मी जळफळायची.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शरीराच्या तोलावरचं माझ्या प्रबंधातलं प्रकरण मार्गदर्शक सरांनी परत पाठवलं. म्हणाले, यात पुस्तकंच आहेत, माणूस कुठाय? दोन वर्षांचं मुसळ केरात. रडकुंडीला येऊन वडनेरच्या मावशीकडं निघाले, ती नेमकी बाबांच्याच गाडीत.

रस्ता खड्ड्यांचा, गाडी खच्चून भरलेली. आम्ही सगळे दांड्याला लोंबकळतोय आणि हा माणूस दोन्ही हातांनी तिकिटं फाडत मधून चाललाय. कुठं धरत नाही, कुठं अडखळत नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग महिनाभर वही घेऊन त्यांच्या गाडीनं फिरले. एकदा हात सोडून पाहिले आणि थेट एका म्हातारीच्या मांडीवर जाऊन बसले.

"गुडघे काऊन आखडून राह्यली? आंग ढिल्लं सोड," बाबा म्हणाले. "हाताले काम असलं का पाय आपलं आपलं पाहून घेतात."

ते वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घातलं. पीएच.डी. झाली. पुढं कितीतरी मुलांना मी हातात भरली परात देऊन चालायला लावलं.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही सिंदी मेघेला राहायला आलो. तिथं ते मोरीत घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण बाबा भिंत सोडेनात. आता चालले नाहीत तर कायमचे बसतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आपली गाडी आता डेपोत लागली," बाबा म्हणायचे. मला भीती वाटायची आणि त्या भीतीपोटी मी त्यांच्यावरच खेकसायची.

एका दुपारी ते असेच भिंतीला धरून उभे होते. समजावून झालं होतं, रागावून झालं होतं. मी गाडीतली ती जुनी वही काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"कंडक्टर, एक वडनेर द्या."

"येडी झाली का तू?"

"गाडीत बसले तर तिकीट नको?"

 त्यांनी एका हातानं वही घेतली. पान फाडायला दुसरा हात लागतोच. त्यांनी पान दुमडलं, सरळ रेषेत फाडलं, माझ्यापुढं केलं. भिंतीवर एकही हात नव्हता. मी श्वास धरून उभी.

"गुडघे काऊन आखडले तुह्ये?" बाबा म्हणाले. "तिकीट भेटलं ना? मंग सरक पुढं. मले येऊ दे."

मी सरकले. ते आले.