अँडीजला निघालेला कुकर

आधी चहा ओतून घ्या. कारण हे सांगायला लागलो की मी चिडतो, आणि चिडलो की मला मध्ये थांबता येत नाही. आणि हो, हसायचं नाही! आमच्या गेर्लिंगेनच्या मराठी मंडळींत ही गोष्ट सायलीच्या तोंडून फिरलीय, म्हणजे पूर्ण एकतर्फी. आज माझी बाजू ऐका. मी माती खाल्ली, हे मान्य. पण किती खाल्ली, ते तुम्ही ठरवा.

सायली माझी बायको. श्टुटगार्टच्या युनिव्हर्सिटीत मिठाच्या स्फटिकांवर पीएचडी करते. चार वर्षं ही बाई मिठावर बोलतेय. आमच्याकडे आमटी खारट झाली तर तिला आनंद होतो! तिचं एकच स्वप्न होतं. चिलीच्या वाळवंटात सान पेद्रो नावाचं एक छोटं गाव आहे, त्याच्याजवळचं मिठाचं तळं बघायचं. थीसिसमधलं एक अख्खं प्रकरण त्या तळ्यावर आहे आणि बाईंनी ते फक्त फोटोत पाहिलेलं. तिथल्या एका अभ्यासकाने मोठ्या मिनतवारीने कबूल केलं होतं की बुधवारी सकाळी मी तुम्हाला आत घेऊन जातो. बुधवारीच. त्यानंतर तो महिनाभर गावात नव्हता.

तिथून पुढे जीपने अँडीज चढून बोलिव्हियात जायचं, असा बेत. पाठीवर एकेक सॅक, राहायचं हॉस्टेलात, खायचं स्वतः शिजवून. विमानाचं तिकीटही असं स्वस्तातलं की सामान फक्त केबिनमधलं, माणशी आठ किलो.

आता इथे आला प्रसाद. प्रसाद म्हणजे माझा कॉलेजचा मित्र, फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला असतो, आदल्या वर्षी तिकडे फिरून आलेला. मी सहज विचारलं, जेवणाचं काय रे?

"मंद्या, विसर," तो म्हणाला. "चार हजार मीटरवर पाणी पंच्याऐंशी-शहाऐंशी अंशांनाच उकळतं. मी डाळ टाकली, तीन तास उकळली. तीन तास! शेवटी गोट्या चावल्यासारखी चावली."

झालं! आता तुम्हाला माहितीय मी काय काम करतो ते. मी प्रेशर वाल्व्हमधला माणूस. दाब हा माझा पोटापाण्याचा विषय. ऑफिसात लोक मला विचारतात, मंदार, हा वाल्व्ह किती बारला उघडेल? आणि मी, मी डोंगरावर कच्ची डाळ चावू? माझ्या डिग्रीचा काही मान आहे की नाही?

मी सरळ कपाटातून आमचा तीन लिटरचा कुकर काढला. सासूबाईंनी लग्नात दिलेला.

सायली म्हणाली, "अरे, वेडा आहेस का? कुकर कोण नेतं बॅकपॅकिंगला?"

"ज्याला विज्ञान कळतं तो नेतो."

"तिकडची माणसं जेवतातच ना काहीतरी?"

"बटाटे," मी म्हणालो. "बिचारे उकडलेले बटाटे खातात. त्यांच्याकडे कुकर कुठला!"

हे वाक्य लक्षात ठेवू नका, कृपा करा. सायलीने ठेवलंय, तेवढं पुरे.

कुकरचं वजन दोन किलो. म्हणून मी माझे दोन स्वेटर काढले, थर्मल काढलं, टॉवेल काढला. आणि मग केलं माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम पॅकिंग. पोकळ कुकर नेणं म्हणजे जागेची नासाडी, हो की नाही? तर तळाला मेतकुटाची पिशवी. आईने चिंचवडहून पाठवलेलं, हिंग जरा सढळ हाताने घातलेलं. त्यावर थालिपिठाच्या भाजणीची पिशवी. मधल्या जागेत पॉवर बँक. त्याभोवती चार्जरच्या वायरी गोल गुंडाळून. आणि पहाटेच्या सहलींना उठायला, वाळवंटात मोबाइलचा काय भरवसा म्हणून, एक गजराचं घड्याळ. वरून झाकण फिट्ट! एक इंच जागा वाया नाही. मी सायलीला दाखवणार होतो, पण ती बिछान्यावर मिठाचे नकाशे पसरून बसली होती.

हसू नका म्हटलं ना!

मला सांगा, यात कुणाला काय दिसलं असतं? मला तर फक्त नीटनेटकेपणा दिसत होता.

सोमवारी दुपारी आम्ही फ्रँकफर्टच्या विमानतळावर. सॅक पट्ट्यावरून आत गेली आणि पट्टा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. स्क्रीनसमोरच्या माणसाने शेजारणीला बोलावलं. तिने तिसऱ्याला बोलावलं. तिघांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, पॅकिंग आवडलं.

"हे गेपेक तुमचं का?" बाईंनी सॅककडे बोट दाखवत विचारलं. एकदम शांत आवाज. इतका शांत की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"या, गेनाऊ! अगदी माझंच!" मी अभिमानाने म्हणालो.

"आत काय आहे?"

"श्नेलकोखटोफ." म्हणजे आपला कुकर. जर्मन शब्दसुद्धा किती घाईघाईचा आहे बघा.

"आणि त्याच्या आत?"

"पावडर," मी म्हणालो. मेतकुटाला जर्मनमध्ये काय म्हणतात, तुम्हाला येतं? मग! "दोन प्रकारची पावडर. माझ्या आईने घरी बनवलेली. आणि एक बॅटरी."

बाई एक पाऊल मागे सरकल्या. मला वाटलं त्यांना तांत्रिक बाजू समजली नाही. अशा वेळी मला राहवत नाही हो, तो माझा दोषच आहे. मी समजावायला लागलो. "आल्झो, म्हणजे त्याचं असं आहे. झाकण घट्ट बंद असतं. आत दाब वाढत जातो. मी या विषयातला तज्ज्ञ आहे, रोजचं काम आहे माझं. एका मर्यादेपलीकडे दाब गेला की..."

"हात वर ठेवा," बाई म्हणाल्या.

"थांबा, मी उघडूनच दाखवतो ना!"

"हात लावू नका!!" तीन माणसं एकदम ओरडली.

आणि तेवढ्यात सगळीकडे जी शांतता पसरली, त्या शांततेत माझ्या सॅकमधून स्पष्ट ऐकू आलं. टिक. टिक. टिक.

पुढचं काय वर्णन करू? पट्टा बंद. रांग मागे. शेजारच्या दोन रांगाही मागे. एका आजोबांची पँट कमरेचा पट्टा काढल्यामुळे घसरत होती, तेही एका हाताने पँट धरून मागे. मी मध्ये एकटा, मोज्यांवर, हात वर. आणि पोलिझाय आले, दोघं, सोबत कुत्रा.

तुम्ही म्हणाल, मंदार, घाबरला असशील. छे! मी संतापलो होतो. दहा वर्षं या देशात राहतोय. प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा, काच रंगानुसार वेगळी टाकतो. माझ्या पाळीच्या आठवड्यात इमारतीचा जिना झाडतो, कोपऱ्यांसकट! आणि माझ्यावर कुत्रा सोडता? एका कुकरपायी?

पोलिसाने विचारलं, "सोबत कोणी आहे?"

"आहे ना, माझी बायको!" मी सायलीकडे बोट दाखवलं.

पोलिसाने तिला विचारलं, "हे गृहस्थ तुमच्यासोबत आहेत का?"

आणि ती थांबली हो! निदान पाच सेकंद थांबली. लग्नाची बायको! मग म्हणाली, "दुर्दैवाने."

कुत्रा आला. छान होता बिचारा, तुकतुकीत. त्याने सॅकभोवती एक फेरी मारली, झाकणाच्या कडेला नाक लावलं आणि एक खोल श्वास घेतला. आईच्या हिंगाची मला कल्पना होती, त्याला नव्हती. तो शिंकला. मग पुन्हा शिंकला. मग खाली बसून पंजाने नाक घासत शिंकतच राहिला. त्याचा पोलीस गुडघ्यावर बसून त्याला समजावत होता आणि माझ्याकडे असं बघत होता की जणू मी त्याच्या मुलाला मारलं. कुत्रा त्या दिवशी पुन्हा कामावर आला नाही, असं मला नंतर कळलं. याचंसुद्धा खापर माझ्यावरच!

दुसरा कुत्रा येईपर्यंत तासभर गेला. त्यानंतर मास्क लावलेल्या एका माणसाने कुकर उघडला, घड्याळ काढलं, वायरी सोडवल्या, भाजणी हुंगली. सगळं ठीक. मला एका खोलीत बसवून फॉर्म भरून घेतला. व्यवसाय काय? प्रेशर वाल्व्ह. पोलिसाने पेन खाली ठेवून दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

शेवटी तो म्हणाला, अगदी सभ्यपणे म्हणाला हं, "तुम्ही जाऊ शकता. पण हे भांडं केबिनमध्ये जाणार नाही. इथे सोडा, नाहीतर बाहेर जाऊन चेक-इन करा. तुमचं गेट पस्तीस मिनिटांत बंद होतंय."

सायली म्हणाली, "मंदार, सोड तो कुकर. चल."

"तुझ्या आईने दिलाय."

"मी आईला सांगते. चल!"

"सायली, आता हा कुकरचा प्रश्न नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"माझा बुधवार आहे रे," ती म्हणाली. ओरडून नाही. हळूच.

आता मला कळतं, तेव्हा मी कुकर तिथे ठेवून धावायला हवं होतं. कुणीही धावलं असतं. पण माझ्या डोक्यात काय? दोन कुत्रे, तीन रांगा, एवढा अपमान, आणि वर कुकरही सोडायचा? मग हे सगळं सोसलं कशासाठी? मी म्हणालो, "दहा मिनिटांत येतो!" आणि कुकर काखोटीला मारून उलट्या दिशेने पळालो.

काउंटरवर माझ्यापुढे एक कुटुंब होतं. त्यांच्याकडे सर्फबोर्ड होता. त्याची लांबी मोजली जात होती. जर्मनीत एकदा मोजायला घेतलं की मोजून संपेपर्यंत कुणी मान वर करत नाही. मी ओरडलो, विनवण्या केल्या. काउंटरवरची बाई म्हणाली, "एकेक करून, कृपया."

कुकरला टॅग लागला. तो पट्ट्यावरून ऐटीत आत गेला. आणि मी गेटवर पोहोचलो तेव्हा काचेपलीकडे आमचं विमान मागे सरकत होतं.

सायली खुर्चीवर बसली होती. मांडीवर नकाशा, घडी घातलेला. तिने वर बघितलंच नाही. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. पण मी तेव्हा काय म्हणालो असेन? म्हणालो, "वर गेल्यावर बघ, मऊ मऊ खिचडी खाशील तेव्हा मला धन्यवाद देशील."

आम्हाला दुसऱ्या दिवशी रात्रीच्या विमानात जागा मिळाली, टॅगसकट कुकरलाही. सान पेद्रोला पोहोचलो गुरुवारी. तो अभ्यासक निघून गेला होता. सायलीने तिचं तळं रस्त्यावरून पाहिलं, कुंपणापलीकडून, लांबवर एक पांढरी रेघ. ती बराच वेळ कुंपणाला धरून उभी होती. मी शेजारी उभा. पाठीवरच्या सॅकमध्ये कुकर.

ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. "पाणी दे", "सरक", "सनस्क्रीन कुठंय", एवढं बोलत होती.

पुढे जीप. तीन दिवसांचा प्रवास, दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्काम सव्वाचार हजार मीटरवर. मातीच्या विटांचं घर, चहूकडे ओसाड माळ, वारा असा की कान गळून पडतील. आणि माझे स्वेटर गेर्लिंगेनला! चालतानाही धाप लागत होती. पण मी आतून फुललो होतो. हीच ती उंची! हाच तो क्षण! पाच दिवस सोसलेल्या सगळ्या अपमानांचं उत्तर आता एका शिट्टीत मिळणार होतं.

त्या घराची मालकीण स्वयंपाक करायची. साठीची बाई, दोन लांब वेण्या, डोक्यावर हॅट. मी कुकर दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभा राहिलो. आमच्या जीपच्या ड्रायव्हरला इंग्लिश येत होतं, त्याला म्हटलं, जरा सांग यांना. सायली दारात उभी होती, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात मी सुरू केलं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो. पाणी लवकर उकळतं. म्हणून अन्न शिजत नाही. तर भारतात आम्ही हे उपकरण वापरतो...

ड्रायव्हर भाषांतर करत होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा मानही डोलावली. मग हात पुसत पुसत त्यांनी चुलीमागचा पडदा बाजूला केला.

फळीवर कुकर होते. पाच. कमीत कमी बारा-बारा लिटरचे, पोचे आलेले, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले दिसणारे. सहावा चुलीवर होता आणि फुसफुसत होता.

अहो, आहेच की! हजारो वर्षं तिथे राहणाऱ्या माणसांना डाळ कशी शिजवायची हे कळत नसेल का? अख्ख्या बोलिव्हियात घरोघरी कुकर आहे, हॉस्टेलांत आहे, रस्त्यावरच्या खानावळीत आहे. मला काय माहीत! प्रसादला मी फोन करून झापलं, तर म्हणतो कसा, "अरे, मी स्वयंपाकघरात कुणाला विचारलंच नाही."

पण ते नंतर. तिथे त्या बाईंनी माझा कुकर हातात घेतला. उलटा केला, झाकणात डोकावलं, कौतुकाने हसल्या आणि काहीतरी विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "त्या विचारतायत, बाळ कुठे आहे?"

"कुठलं बाळ?"

"एवढ्याशा कुकरात इथे फक्त बाळाचं शिजवतात."

मी काही बोलणार, तेवढ्यात दारातून सायली पुढे आली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, इतकी की त्या उंचीवर तिला श्वास पुरेना. तिने भिंतीला हात टेकला आणि दुसऱ्या हाताने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग मान डोलावली, मला हाताला धरून चुलीजवळच्या सगळ्यात उबदार जागी बसवलं, आणि बाकी सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर वाडगा ठेवला. आतले बटाटे त्यांनी चमच्याने नीट कुस्करून दिले होते.