शुक्रवारच्या आत गिटार ऐकू आली पाहिजे

"ताई, ही मशीनं ठेवून घ्या," गर्दे म्हणाले. दोन्ही हिअरिंग एड कानांतून काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "यांच्यापेक्षा माझं बहिरेपण बरं होतं."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाची डॉक्टर नव्हे; माणसाला किती ऐकू येतं ते मोजायचं आणि लागेल तसं हिअरिंग एड बसवून द्यायचं, हे माझं काम. झाशीत एका ई.एन.टी. डॉक्टरांच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं ते करतेय. मशीन परत द्यायला लोक येतातच. टहरौलीच्या एका आजींनी तर लोणच्याच्या बरणीत घालून आणलं होतं. पण गर्दे येतील असं वाटलं नव्हतं. ते माझे गुणी पेशंट होते.

विनायक गर्दे, वय एकसष्ट. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. पत्र्यावरच्या हातोड्यांनी त्यांचे कान हळूहळू गेले. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांना मशीनं बसवली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोचा फोन आला, "आता घरात ओरडावं लागत नाही हो." मी फाइलवर 'उत्तम' असा शेरा मारून ती कपाटात टाकली होती.

"काय झालं? बोलणं ऐकू येत नाही का?"

"बोलणं एकदम बढिया. गिटार बिघडली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टिन हार्बर नावाचा एक परदेशी रॉक बँड आहे. कॉलेजात असताना कोणीतरी त्यांची कॅसेट आणली आणि गर्द्यांसह सात मित्र त्या बँडच्या मागे लागले, ते आजवर. आता पंधरा वर्षांनी त्या बँडचा नवा अल्बम येणार होता. पुढच्या शुक्रवारी. सातही जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, नाव 'बंदर पार्टी'. हार्बर म्हणजे बंदर, म्हणून गर्द्यांनी ते नाव सुचवलं. बाकीच्या सहा हिंदीभाषकांना 'बंदर' म्हणजे माकड इतकंच ठाऊक, त्यामुळे नाव एकमताने मंजूर झालं.

त्या ग्रुपवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. बँडने फक्त कव्हरचं चित्र आणि दहा गाण्यांची नावं जाहीर केली होती. चित्रात एक रिकामी खुर्ची होती. खुर्ची रिकामी का, यावर दोन तट पडले होते. ड्रमर सोडून गेला, असं एक तट म्हणत होतं. समथरला गणित शिकवणारे तिवारी सर म्हणत होते, "अरे, कुर्सी हमारे लिए है." रोज सकाळी कोणीतरी किती दिवस राहिले ते लिहायचं.

आणि परवा बँडने नमुन्यादाखल एक गाणं आधीच सोडलं. गर्द्यांनी हेडफोन बाजूला ठेवले, नव्या मशीनांनी ऐकायला बसले.

"ताई, गिटारचा सूर लांबला की तो थरथरायला लागतो. कुणीतरी गुळण्या करतंय असं वाटतं. मला वाटलं, बँड म्हातारा झाला. मग जुनं गाणं लावलं. त्यातही गुळण्या!"

इथे मी चूक केली. आमच्या धंद्यात एक तयार उत्तर असतं, ते मी देऊन टाकलं. "सवय होईल, गर्दे काका. मेंदूला वेळ द्या."

त्यांनी मशीनं उचलली, खिशात घातली आणि गेले. कानांत घातली नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. बरोबर त्यांचे मित्र रिझवान भाई होते. दतिया गेटजवळ त्यांचं शिलाईचं दुकान आहे. हातात स्पीकर, गळ्यात मापाची फीत तशीच.

"मैडम जी," रिझवान भाई म्हणाले, "ये कहता है कि मशीन ख़राब है. आप कहती हैं कि आदत पड़ जाएगी. मेरे कान ठीक हैं. मुझे सुनवा दीजिए, मैं फ़ैसला कर दूँगा."

इतकं सरळ म्हणणं होतं की मला हसू आलं. आमच्याकडे स्टेथोक्लिप नावाची एक साधी नळी असते, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी. तिचं टोक हिअरिंग एडला जोडलं की मशीनमधून बाहेर पडणारा आवाज आपल्याला ऐकता येतो. मशीन बिघडलंय का, ते तपासायला मी ती रोज वापरते. पण दर वेळी त्यात "एक, दो, तीन, चार" असंच म्हणते. गाणं कधी लावलं नव्हतं.

रिझवान भाईंनी गाणं लावलं. मी नळी कानाला लावली. सुरुवात ठीक होती. मग गिटारने एक लांब सूर धरला आणि मशीन डगमगलं. सूर लाटेसारखा वरखाली व्हायला लागला. गुळण्या हा शब्द अगदी नेमका होता.

मी नळी रिझवान भाईंकडे दिली. त्यांनी दहा सेकंद ऐकलं, नळी काढली आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "माफ़ करना यार. मैं समझ रहा था कि तू नखरे कर रहा है."

मलाही तेच म्हणायला हवं होतं. म्हटलंही, जरा उशिराने.

आता भानगड काय होती ते सांगते. हिअरिंग एड कानात शिट्टी मारतं, ते तुम्ही ऐकलं असेल. मशीनचा आवाज कानातून बाहेर निसटतो, परत माइकमध्ये शिरतो, आणि मशीन त्यालाच पुन्हा मोठं करतं. ती शिट्टी दाबण्यासाठी आत एक पहारेकरी असतो. लांब, एकसारखा सूर आला की त्याला वाटतं शिट्टी झाली, आणि तो सूर मोडायला धावतो. बोलण्यात असे लांब सूर नसतात. गिटारमध्ये दुसरं असतं काय! पहारेकरी इमानदार होता, फक्त त्याला टिन हार्बर माहीत नव्हता.

मी कॉम्प्युटरवर गाण्यांसाठी वेगळा प्रोग्रॅम बनवला आणि त्यात पहारेकऱ्याला सुट्टी दिली. गुळण्या थांबल्या. लगेच खरोखरची शिट्टी सुरू झाली, कारण गर्द्यांच्या कानांत सैल रबरी टोप्या होत्या. त्यांतून आवाज निसटणारच. यावर उपाय एकच, कानाच्या मापाचे मोल्ड. कानात पेस्ट भरून साचा घ्यायचा, दिल्लीच्या लॅबला पाठवायचा, तिथून कानात घट्ट बसणारा मोल्ड बनून यायचा. याला एरवी दहा दिवस लागतात. आमच्याकडे आठ होते.

शिवाय मोल्डच्या ऑर्डरवर डॉक्टर सक्सेनांची सही लागते. दवाखाना त्यांचा.

"बात तो सुनाई दे रही है ना?" त्यांनी फाइल चाळत विचारलं. "आप ही ने 'उत्तम' लिखा है."

"लिखा है सर. मैंने सिर्फ़ बात पूछी थी. गाने का पूछा ही नहीं."

"एक अल्बम के लिए मोल्ड?"

"सर, मशीन उनकी जेब में है, कान में नहीं. गाना नहीं सुना तो बात सुनना भी बंद."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते भजनं गातात, पेटीही बरी वाजवतात. त्यांनी विचारलं, "हारमोनियम में भी ऐसा होता है क्या?"

"लंबा सुर पकड़ेंगे तो होगा."

त्यांनी सही केली. लॅबला फोनही स्वतः केला.

मोल्ड गुरुवारी सकाळी आले. उजवा झकास बसला. डावा वरच्या कडेला टोचत होता. मी घासायच्या छोट्या मशीनवर तो जरा जरा घासला, पुन्हा बसवला, पुन्हा घासला. चौथ्या वेळी गर्दे म्हणाले, "आता विसरलो तो कानात आहे ते." मोल्ड बसला की हेच ऐकायचं असतं.

मी गाणं लावलं. शिट्टी नाही. गुळण्या नाहीत. गर्द्यांच्या भुवया वर गेल्या.

"ताई, हे खाली धम् धम् काय आहे?"

"बेस गिटार. सैल टोपीतून तो बाहेर सांडून जायचा."

"हा तर मी विसरूनच गेलो होतो!" ते टेबलावर बोटांनी ताल धरून बसले. मग थांबले. "पण ती ड्रमवाल्याची बारीक झांज? चिक चिक चिक. ती येत नाही."

मी त्या उंच सुरांच्या पट्ट्यात आवाज थोडा वाढवला. त्यांनी तोंड वाकडं केलं. "आता नुसती खरखर."

मला उत्तर माहीत होतं. फाइलमध्ये होतं. कानाच्या आत प्रत्येक सुराच्या जागी बारीक पेशी असतात. गर्द्यांच्या सगळ्यात उंच सुरांच्या पेशी उरल्याच नव्हत्या. तिथे कितीही आवाज ओतला तरी सूर होत नाही, खरखरच होते. अशा वेळी तो पट्टा वाढवायचा नसतो, सोडून द्यायचा असतो. बोलण्यासाठी बसवताना मी तेच केलं होतं, पण त्यांना सांगितलं नव्हतं. बोलण्याला त्या झांजेची गरज नसते.

"काका, ती झांज येणार नाही," मी म्हटलं. "या मशीनने नाही, दुसऱ्याही नाही. ती जागा कानातून गेलीय."

"कधीच नाही?"

"नाही."

त्यांनी हात कानाकडे नेला. मला वाटलं, आता पुन्हा मशीनं टेबलावर येतात. पण ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर उद्या दिवसभर मी तिलाच शोधत बसलो असतो." मग म्हणाले, "उद्या चार वाजता या ना. तिवारी समथरहून येतोय. काही बिघडलं तर तुम्ही जवळ असलेल्या बऱ्या."

अल्बम येणार होता शुक्रवारच्या पहाटेच. पण सातही जणांनी ठरवलं होतं की कोणी एकट्याने ऐकायचा नाही. रिझवान भाईंची जुम्याची नमाज आटोपल्यावर, तिवारी सरांची बस पोचल्यावर, दुकानात सगळ्यांनी मिळून. मी लॅपटॉप घेऊन गेले. भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे होते. खोली गाणं ऐकायला इतकी चांगली निघेल असं वाटलं नव्हतं. कापड आवाज पितं, त्यामुळे घुमत नाही. त्या सातांनी तिशी-चाळीशीपासून हीच जागा का धरली, ते मला तेव्हा कळलं. त्यांना वाटत होतं, चहाची टपरी समोर आहे म्हणून.

रिझवान भाईंनी फोन स्पीकरला जोडला. तिवारी सरांनी घड्याळ पाहिलं, जणू परीक्षेचा पेपर वाटायचा होता. "चलाओ."

 साठीच्या आसपासची सात माणसं शिलाई मशीनांच्या मधे स्टुलांवर बसून माना हलवत होती. मी गर्द्यांकडे बघत होते. दुसऱ्या गाण्यात गिटारने लांब सूर धरला. धरून ठेवला.  तो सरळ गेला, दोरीसारखा. गर्द्यांनी डोळे मिटले आणि माझ्याकडे न बघताच अंगठा वर केला.

मग मी एक वेगळंच पाहिलं. शेजारी बसलेले रिझवान भाई दोन बोटांनी गर्द्यांच्या गुडघ्यावर हलकेच ताल देत होते. चिक चिक चिक. जिथे झांज, तिथेच. झांजेचं गर्द्यांनी त्यांना आधी कधीतरी सांगितलं असणार; आता कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. गर्द्यांनी गुडघा हलवला नाही. दहाही गाणी ते तसेच बसले होते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लॅपटॉपमध्ये बघून लपवलं.

गाणी संपली.  सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. पंधरा वर्षांची वाट होती. पहिलं कोण बोलणार?

गर्दे बोलले.

"चौथा और सातवाँ छोड़ दो, तो बाक़ी सब बेकार है."

एकच गलका झाला. तिवारी सर स्टुलावरून उठलेच. "बेकार? तूने ठीक से सुना नहीं! मशीन की गड़बड़ होगी."

"मशीन की कोई गड़बड़ नहीं," गर्दे म्हणाले. "पाँचवें में गिटार आधा सुर उतरी है. लगाओ फिर से."

पुन्हा लावलं. मला काही समजलं नाही, पण रिझवान भाईंनी कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. "उतरी है."

तिवारी सर चिडले, मग हसले, मग म्हणाले, आठवं तरी चांगलं आहे की नाही ते बोल. भांडण रंगलं. समोरून चहा आला. गर्दे हातवारे करत सगळ्यांशी एकदम बोलत होते, आणि सगळ्यांचं त्यांना एकदम ऐकू येत होतं. मी गुपचूप लॅपटॉप बंद केला. वापरायची गरजच पडली नव्हती.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "क्या हुआ आपके अल्बम का?"

"पेशंट शिकायत कर रहा है, सर."

"मशीन की?"

"नहीं. गिटारवाले की."

डॉक्टर हसले. मी गर्द्यांची फाइल काढली आणि आधीचा 'उत्तम' खोडला. पेशंट खूश आहे म्हणजे मशीन बरोबर आहे, असं मी सव्वीस वर्षं धरून चालले होते. खूश माणूस पुष्कळदा नुसता भिडेखातर हो म्हणत असतो. ज्याला नीट ऐकू येतं, तो नावं ठेवतो. खाली मी नवा शेरा लिहिला: 'पाचव्या गाण्यावर आक्षेप. मशीन ठीक.'