तिसरा कागद

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. ऑफिसात जिच्याबरोबर रोज डबा खाते त्या मैत्रिणीला माझ्या थायरॉईडच्या गोळीपासून जावेच्या टोमण्यांपर्यंत सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि हेसुद्धा भित्रेपणाचंच कारण झालं, नाही का? असो. कुठूनतरी सुरुवात करायला हवी.

मी हवा मोजते. असं सांगितलं की लोक हसतात, पण माझा पगार त्याचाच आहे. नवीन पनवेलमध्ये एक खासगी प्रयोगशाळा आहे, सरकारमान्य वगैरे. तिथे मी गेली अठरा वर्षं केमिस्ट आहे. कारखान्याच्या चिमणीतून काय बाहेर पडतं, शेजारच्या गावात धूळ किती, हे मोजायचं आणि सही करून अहवाल द्यायचा. मोजणारे आम्ही, आमची फी भरणारा कारखाना, आणि अहवाल वाचणारं सरकारी कार्यालय. या तिघांपैकी वाईट बातमी कुणाला हवी असते, सांगा बरं?

खाडीच्या बाजूला एका मोठ्या कारखान्याचा स्वतःचा वीजप्रकल्प आहे, कोळशावर चालणारा. त्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. चिमणीच्या आधी तिथे राख पकडणारं एक अवाढव्य यंत्र आहे. ते पूर्ण चालू असलं की वर चिमणीतून काही निघतंय असं वाटतसुद्धा नाही. पण ते यंत्र स्वतःच भरपूर वीज खातं. म्हणून अंधार पडला की त्याचे काही भाग बंद होतात. हे मला माहीत आहे, सरकारी साहेबांना माहीत आहे, गेटवरच्या वॉचमनलाही माहीत आहे. आम्ही जातो सकाळी, आणि तेही आठवडाभर आधी कळवून, कारण गेटपास लागतो, शिडी लागते, त्यांचा सुरक्षेचा माणूस सोबत लागतो. त्या दिवशी यंत्र पूर्ण चालू, कोळसाही त्यातल्या त्यात चांगला. आमचे आकडे दर वेळी मर्यादेच्या आत. त्यात खोटं काहीच नसतं – मोजलं तेच लिहिलं. या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं स्वतःला प्रामाणिक बाई समजत आले.

मग मथुराबाईंचा अर्ज आला.

मथुराबाई त्या गावातल्या. तेव्हा पन्नाशीच्या असतील. गच्चीवर बोंबील, जवळा, सोडे सुकवायच्या आणि पनवेलच्या बाजारात विकायला बसायच्या. घर चिमणीच्या अगदी समोर. सकाळी उठून बघावं तर मासळीवर राखेचा थर. गिऱ्हाइकं माल परत आणून द्यायला लागली, दाताखाली कचकच येते म्हणाली. नवऱ्याला, काशिनाथकाकांना, गच्चीचा जिना चढवेना इतका दम लागायचा. दर उन्हाळ्यात गावात या राखेवरून बोलणी व्हायची आणि पाऊस आला की थांबायची. मथुराबाईंनी मात्र तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून अर्ज करून घेतला आणि गच्चीवर झाडलेली राख पुडीत बांधून त्याला चक्क टाचून दिली. ती पुडी फायलीत कशी लावायची हे सरकारी कार्यालयात कुणाला कळेना, ते ऐकून आमच्याकडेही दोन दिवस हसणं चाललं होतं. मीही हसले होते.

पण अर्ज चालला. मथुराबाईंच्याच गच्चीवर चोवीस तास हवा मोजावी, असा हुकूम निघाला. आकडा मर्यादेबाहेर गेला तर कारखान्याला नोटीस, राख पकडणारं यंत्र दिवसरात्र चालू ठेवण्याची सक्ती, नाही ऐकलं तर प्रकल्प बंद. आणि चोवीस तास म्हणजे रात्र आलीच त्यात. गच्चीला गेटपास लागत नाही, म्हणजे कारखान्याला आधी कळवायचंही नव्हतं; दिवसा कितीही साळसूदपणा केला तरी रात्रीची राख त्या गच्चीवर पडणारच होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला खरं मोजायला सांगितलं होतं.

आमचं यंत्र म्हणजे पत्र्याचा उभा खोका. खाली मोटर, वर उतरतं छप्पर, छपराखाली पांढराशुभ्र कागद. मोटर हवा ओढते, कागद धूळ धरतो. आठ तासांना एक, असे दिवसाचे तीन कागद. लावण्याआधी वजन करायचं, काढल्यावर करायचं, जो फरक येईल ती धूळ. तीनही कागद लागतात. एक जरी बाद झाला तरी अख्खा दिवस बाद.

मथुराबाईंना मी नीट समजावलं होतं. यंत्राला हात लावायचा नाही, गच्ची झाडायची नाही, आसपास चूल पेटवायची नाही. त्यांनी त्या दिवशी मासळीसुद्धा वाळत घातली नाही, वास यंत्रात जाईल म्हणून. दोन कागद दिवसा झाले, तिसरा रात्रीचा लावून मी घरी गेले. सकाळी सहाला पोचले तर बाई जिन्यात वरच्या पायरीवर बसलेल्या. कुत्रीमांजरं वर येतील म्हणून तिथेच डुलक्या काढल्या होत्या. आणि यंत्राच्या खालच्या दारावर हळदीची दोन बोटं, त्यावर कुंकू, पुढ्यात जास्वंदीचं फूल.

मी बघतेय हे पाहून त्या जराशा ओशाळल्या. "आमच्यापायी रातभर राबला तो," म्हणाल्या. "म्हनून लावला."

मला हसूच आलं. खरं सांगू? बरं वाटलं. आमच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला आम्हीही सगळ्या यंत्रांची पूजा करतो – वजनकाट्याची, फ्रीजची, या खोक्यांची. त्याच दारावर, चार बोटं वर, आमच्या दसऱ्याच्या कुंकवाचा डाग होता. मी स्वतः लावलेला. त्यावर वर्षभर कितीतरी मोजमापं झाली होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. कुंकू खाली दाराबाहेर, कागद वर छपराखाली. ते तिथवर पोचायचा प्रश्नच नव्हता.

मग मी छप्पर उचललं.

अठरा वर्षांत तसा कागद मी दुसरा पाहिलेला नाही. नेहमी करडा होतो, तो काळा झाला होता. लाल रंगाचा त्यावर कणही नव्हता. मी तो चिमट्यानं पाकिटात सरकवला. माझं तोंड बघून मथुराबाईंना कळलं असावं. त्यांनी हात जोडले. मला की यंत्राला, कोण जाणे.

प्रयोगशाळेत मी त्याचं वजन तीनदा केलं. मर्यादा कुठल्या कुठे मागे पडली होती.

आता इथे मला वाटतं, तुम्ही एखाद्या फोनची वाट बघत असाल. कारखान्याच्या मॅनेजरचा, किंवा आमच्या सरांचा. तसा फोन आला असता तर किती बरं झालं असतं! कुणाच्या तरी नावानं बोटं मोडता आली असती. पण फोन आला नाही. सर त्या दिवशी पुण्याला लग्नाला गेले होते. खोलीत मी एकटी, काटा आणि तो कागद. कुणी काही मागितलं नाही, काही कबूल केलं नाही, धमकावलं नाही.

मी नुसती पुढचं बघत गेले. नोटीस निघेल, मग कारखाना वकील देईल, मग सुनावणी, मग मला उभं करतील. यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं? वारा कुठून होता? मॅडम, तुम्ही रात्री तिथे हजर होता का? कारखाना आमच्याकडून काम काढून घेईल, आणि सर काही बोलणार नाहीत, फक्त माझ्याकडे बघणं बंद करतील. मला भीती वाटली. ती इतकी साधी भीती होती – परीक्षेच्या आधी वाटते तशी. तिच्यापायी मी हे केलं. पण घाबरायला अजून झालं तरी काय होतं? काहीच नाही.

नोंदीच्या कागदावर शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. बहुतेक वेळा कोराच राहतो. मी लिहिलं: 'तक्रारदाराने यंत्रास हळद-कुंकू वाहिल्यामुळे तिसरा नमुना दूषित झाला आहे. ग्राह्य धरू नये.' अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. मग तो काळा कागद बाद नमुन्यांच्या डब्यात टाकला. सहा महिन्यांनी डबा रिकामा होतो.

सरांनी परत आल्यावर शेरा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. दोन्हींचा संबंध होता की नाही, मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

सरकारी कार्यालयाचा जीव भांड्यात पडला असणार. तक्रारदारानेच यंत्रात हस्तक्षेप केल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे, असं पत्र ग्रामपंचायतीला गेलं. ते ग्रामसभेत वाचून दाखवलं. मोजणी एकदाच मिळाली होती आणि ती हिच्या कुंकवानं वाया गेली, असं गावात झालं. कुणी भांडलं नाही म्हणे. नुसते हसले. तेव्हा मथुराबाई उभ्या राहिल्या आणि गावाची माफी मागितली. हे मला त्यांनीच सांगितलं.

हो, त्या आल्या होत्या. रिक्षा बदलत, पत्ता विचारत, आमच्या ऑफिसात. हातात पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मला एकच विचारलं.

"माज्या कुंकवानंच झाला काय गो, बाय?"

बघा, इथे मला दुसरी संधी होती. काळा कागद तेव्हा अजून डब्यात होता – दोन खोल्या पलीकडे. मी म्हटलं, "हो मावशी. नियमच आहे तसा."

त्या मान हलवत राहिल्या. "तुजी काय चूक," म्हणाल्या. "तू तं सांगितलेलास, हात लावू नको म्हनून."

शेरा लिहिताना मी भ्याले होते. पण हे 'हो' म्हणताना मी भ्यालेलेही नव्हते. ते सोयीचं होतं, म्हणून म्हटलं. माझा खरा गुन्हा कुठला असं कुणी विचारलं तर मी शेरा दाखवणार नाही, हे 'हो' दाखवीन.

पिशवीत सोडे होते, माझ्यासाठी आणलेले. मी ते घरी नेले आणि खिचडी केली. नवरा म्हणाला, नीट धुतले नाहीस, कचकच लागतेय. मी म्हटलं, पुढच्या वेळी धुवीन.

याला आठ वर्षं झाली. मधल्या काळात धुराचे नवे नियम आले, त्यांच्या मुदती पुढे गेल्या, पुन्हा पुढे गेल्या. चिमणीवर आपोआप मोजणारं उपकरण बसलं आणि गेटवर आकड्यांचा बोर्ड लागला. तो कायम हिरवा असतो. गावावर राख पडायची तशी पडते. काशिनाथकाका आता खाटेवरच असतात, दिवसातून चार वेळा वाफेच्या मशीनचा मुखवटा तोंडाला लावून. एका कागदानं माणसाच्या छातीचं काही सिद्ध होत नाही, मी केमिस्ट आहे, मला ठाऊक आहे – पाहिलंत, किती पटकन आलं हे वाक्य माझ्या तोंडी?

गेल्या महिन्यात वार्षिक मोजणीसाठी त्या गावात गेले होते. यंत्र शाळेच्या छतावर लावतो आम्ही, चिमणीच्या पाठीमागच्या बाजूला, जिकडे राख फारशी येत नाही. तिथून मला बचत गटाच्या चार बायका मथुराबाईंच्या ओट्यावर घेऊन गेल्या. त्यांनी नवा अर्ज लिहिला होता. कुणा वकीलबाईंनी सल्ला दिला होता, सगळं मुद्देसूद, चोवीस तासांची मोजणी मागितलेली. फक्त गच्ची हवी होती, आणि चिमणीसमोर गच्ची मथुराबाईंचीच. बाकीच्या घरांवर कौलं आणि पत्रे. मथुराबाई तयार नव्हत्या. मॅडम, तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकेल ती, असं त्या चौघी म्हणाल्या.

मथुराबाईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला. केस पार पांढरे झाले होते. गच्चीवर आता त्या काही सुकवत नाहीत, बाजारात बसत नाहीत. एके काळी सरकारला राखेची पुडी टाचून पाठवणारी बाई ती.

"माजा हात लागला का बिघडतंय," त्या बायकांना म्हणाल्या. "हिला इचारा. ही व्हती तवा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मथुराबाईसुद्धा. त्यांच्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता. त्या फक्त साक्ष मागत होत्या.

एवढंच म्हणायचं होतं की मावशी, कुंकवानं काही झालं नव्हतं. एक वाक्य. ओठांपर्यंत आलं होतं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. आलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशींची इच्छा नसेल तर आग्रह कशाला करायचा?"

बायकांनी अर्जाची घडी घातली. मी चहा संपवला, गाडीत बसले. शुक्रवारी त्या गावाच्या हवेचा अहवाल माझ्या सहीनं गेला. सगळे आकडे मर्यादेच्या आत आहेत. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.