शिंपीमामा पाहतात आणि वाढवतात

आमच्या नाटक कंपनीचे शिंपीमामा पोकर खेळताना आम्हा नटांपेक्षा जास्त अभिनय करत. "तुझी बटणं पाहतो..." म्हणून थांबायचे, चष्मा पुसायचे आणि मग गर्जायचे, "आणि वर मूठभर वाढवतो!" सिनेमात असंच बोलतात, म्हणून आम्हीही तसंच बोलायचो. पैशांऐवजी कपडेपटातली बटणं लावायचो.

कंपनी बंद झाली त्या दुपारी शेवटचा खेळ मांडला. जिंकेल त्याला नाटकातलं सिंहासन! शिवणकामाला बसून मामींची पाठ धरायची, म्हणून मामांना ते घरी न्यायचंच होतं.

एका डावाला मामांचा चेहरा उजळला. "तुझी पाहतो..." चष्मा पुसून झाला. "आणि वर माझी सगळीच्या सगळी!"

"चालणार नाही," नवा प्रकाशवाला म्हणाला. "'पाहतो' म्हटलंत की बरोबरी झाली, बोली संपली. वाढवायचं तर एका दमात सांगायचं."

"अरे बाबा, मध्ये पॉज नको का घ्यायला?"

"तो स्टेजवर घ्या, मामा!"

मामा हिरमुसले. पानं उघडली, तर प्रकाशवाल्याची सरस निघाली! मामांची बोली मान्य झाली असती तर ते तिथंच खेळातून बाद झाले असते. नियमानं त्यांची उरलेली बटणं वाचवली होती.

त्याच बटणांवर मामांनी एकेकाला धुऊन काढलं, शेवटी प्रकाशवाल्यालाही. मग तोच हसत सिंहासन उचलू लागला आणि आम्ही ते मामांच्या घरी, मामींच्या खोलीत नेलं.

मामी ऐटीत टेकून बसल्या आणि त्यांनी फर्मावलं, "आता ते कपाट हलवा!"